आंबोलीच्या पावसात एक किल्ली

सावंतवाडीहून बेळगावकडे जाणारा रस्ता दाणोली मागे पडली की चढू लागतो. नारळी-पोफळीच्या बागा खाली राहतात, वळणावळणाला गारवा वाढत जातो, आणि घाट संपता संपता ढग इतके जवळ येतात की मोटारीचे दिवे भर दुपारी लावावे लागतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर वसलेले आंबोली हे गाव महाराष्ट्रातील अतिवृष्टीच्या ठिकाणांपैकी एक आहे. वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस येथे पडतो, आणि त्यातील बहुतेक सारा पावसाळ्याच्या चार महिन्यांत.

बहुसंख्य प्रवासी येथे धबधब्यासाठी येतात. आमचे येणे मात्र निराळ्या कारणासाठी होते. भोपाळला राहणाऱ्या माझ्या बहिणीची बारा वर्षांची मुलगी त्या उन्हाळ्यात माझ्याकडे आली होती. आंबोलीच्या सड्यावर, पहिल्या पावसात, जगात अन्यत्र न आढळणारा एक चिमुकला भेक दिसतो, असे तिच्या वाचनात आले होते. तो पाहिल्यावाचून परत जायचे नाही, असा तिने हट्ट धरला. जूनचा दुसरा आठवडा उजाडला, मोसमी पाऊस कोकणात पोहोचल्याची वार्ता आली, आणि आम्ही निघालो.

माझ्या मनात दुसरेही एक कारण होते. माझे बालपण याच घाटाच्या पायथ्याशी गेले. आठ-नऊ वर्षांचा असताना एके दिवशी कुंपणाच्या मेंदीवर एक हिरवागार साप मला दिसला, आणि ‘चापडा! चापडा!’ असा ओरडा करीत मी घरात धावलो. चापडा विषारी, हे आम्हां मुलांना ठाऊक होते. चापडा हिरवा, हेही ठाऊक होते. याहून अधिक काही ठाऊक नव्हते. गडी काठी घेऊन आला आणि क्षणात सारे आटोपले. नंतर आजोबा बाहेर आले. त्यांनी तो निश्चेष्ट देह काठीने उलटवून पाहिला आणि म्हणाले, “हा चापडा नव्हे रे, हा हरणटोळ. याने माणूस मरत नाही. उगाच मारलात बिचाऱ्याला.”

“पण आजोबा, ओळखायचे कसे?” मी विचारले.

“पाहून पाहून कळते,” ते म्हणाले.

हे उत्तर खरे होते. परंतु उपयोगाचे नव्हते. आजोबांच्या डोळ्यांत साठ वर्षांचे पाहणे साठलेले होते आणि ते मला देण्याचा कोणताही मार्ग त्यांच्यापाशी नव्हता. ते गेले, तेव्हा ते ज्ञानही त्यांच्याबरोबर गेले.

आंबोलीत आम्ही ज्यांच्या घरी उतरलो, ते एक निवृत्त शिक्षक. गावातील सारे त्यांना गुरुजी म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. जांभ्या दगडाचे बैठे घर, समोर लांब पडवी, पडवीत सुकत घातलेल्या छत्र्या आणि इरली, आणि भिंतीवर खिळ्याला अडकवलेली पुठ्ठ्याची एक चोपडी. भाचीने प्रथम तिकडेच हात नेला. चोपडीवर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते: ‘किल्ली’. आत प्राण्याचे एकही चित्र नव्हते. होते ते केवळ प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाला दोनच उत्तरे.

“शास्त्रात हिला द्विभाजी किल्ली म्हणतात,” गुरुजी म्हणाले. “नाव अवजड आहे, वस्तू साधी आहे. रस्त्याला फाटा फुटतो तशी ही. प्रत्येक फाट्यावर दोन वाटा. डोळ्यांना जे दिसते ते पाहायचे, एक वाट धरायची, पुढल्या फाट्यापर्यंत जायचे. वाट संपते तेथे नाव असते.”

वाचकांच्या सोयीसाठी त्या चोपडीचे पहिले पान येथे उतरवून देतो. पावसाळ्यात वाटेवर एखादे लांबुळके जनावर दिसले, तर त्याच्यासाठी हे पान:

१ अ. अंगावर खवले दिसत नाहीत. अंग ओलसर, कड्याकड्यांचे … २ पहा
१ आ. अंगभर खवले … ३ पहा
२ अ. तोंड उघडते, त्याला जबडे आहेत … देवगांडूळ
२ आ. जबडे नाहीत … गांडूळ
३ अ. पाय आहेत, मग ते कितीही लहान असोत … सापसुरळी
३ आ. पाय नाहीत, डोळ्यांना उघडमीट करणाऱ्या पापण्याही नाहीत … साप, ४ पहा
४ अ. नाकपुडी व डोळा यांच्यामध्ये आणखी एक खळगा … चापड्याच्या कुळातील साप, विषारी, मागे सरा
४ आ. असा खळगा नाही … ५ पहा
५ अ. मुस्कट लांब व टोकदार. डोळ्यातील बाहुली आडव्या फटीसारखी … हरणटोळ
५ आ. बाहुली गोल किंवा उभी … दुसरे पान पहा. साप ओळखला असे समजू नका

माझी दृष्टी चौथ्या आणि पाचव्या ओळीवर खिळून राहिली. आजोबांना जे सांगता आले नव्हते, ते येथे चार ओळींत लिहिलेले होते.

रात्रीच्या जेवणानंतर पडवीत बसून गुरुजींनी या किल्लीची वंशावळ सांगितली. स्वीडनच्या लिनीयसने अठराव्या शतकात सजीवांना दुहेरी नावे देण्याची पद्धत रूढ केली. नावे मिळाली, तरी हातातल्या रोपाचे नाव शोधायचे कसे, हा प्रश्न सामान्य माणसापुढे उरलाच. फ्रान्समधील लामार्क याने १७७८ साली आपल्या देशातील वनस्पतींवरील ग्रंथात त्यावर एक उपाय योजला. प्रत्येक पायरीवर परस्परविरुद्ध अशी दोनच लक्षणे मांडायची आणि वाचकाने त्यांतून एक निवडायचे, अशी ती रचना होती. पुढे उत्क्रांतीच्या चर्चेत ज्याचे नाव गाजले, तोच हा लामार्क. फुलझाडांसाठी घडलेली ही किल्ली मग मासे, कीटक, पक्षी, सर्प अशा साऱ्या प्राणिसृष्टीच्या दारांना लावण्यात आली.

“हिचे बळ कशात आहे, ठाऊक आहे?” गुरुजींनी भाचीला विचारले. “एका प्रश्नाने दोन गट पडतात, दोहोंनी चार, तिहींनी आठ. दहा प्रश्न नीट रचले तर किती?”

भाचीने बोटांवर हिशेब केला. “एक हजार चोवीस!”

“म्हणजे हजार जातींच्या गर्दीतून एकीपर्यंत पोहोचायला दहा वेळा नीट पाहिले तर पुरे. मात्र नीट पाहायला हवे. पहिल्याच फाट्यावर चुकलेला माणूस पुढे कितीही सावधपणे चालला तरी भलत्याच गावाला पोहोचतो, आणि पोहोचला याचाच त्याला आनंद होतो.”

आपल्या देशात सापांच्या बाबतीत या प्रश्नाला जीवनमरणाचे मोल होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील पॅट्रिक रसेल या वैद्याने पूर्व किनाऱ्यावरील सापांचा अभ्यास केला, तोच मुळी विषारी आणि बिनविषारी यांतील भेद लोकांना सांगता यावा म्हणून. कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांविषयीचा त्याचा ग्रंथ १७९६ साली निघाला, आणि घोणसाच्या शास्त्रीय नावात आजही रसेलचे नाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरने विषारी साप कसे ओळखावेत यावर पुस्तक लिहिले. पुढे १९४३ साली माल्कम स्मिथ याचा भारतीय सर्पांवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. खवल्यांची संख्या, त्यांचा आकार आणि त्यांची मांडणी यांवर रचलेल्या किल्ल्या त्यात पानोपानी आढळतात.

“खवलेच का?” भाचीने विचारले.

“कारण खवले खोटे बोलत नाहीत. मण्यार आणि कवड्या, दोघांच्याही अंगावर पांढरे आडवे पट्टे. मण्यारीचा दंश जीवघेणा, कवड्या निरुपद्रवी. पण मण्यारीच्या पाठीच्या मधल्या रांगेतले खवले मोठे, षट्कोनी असतात. कवड्याचे तसे नसतात. लोक म्हणतात, विषारी सापाचे डोके त्रिकोणी आणि बाहुली उभी. मग नागाचे काय? मण्यारीचे काय? त्यांची बाहुली गोल असते. उलट मांजऱ्या सापाची बाहुली उभी असून तो माणसाला धोक्याचा नाही. एका खुणेवर विसंबणारा कधीतरी फसतो. किल्ली एका खुणेवर विसंबत नाही. ती खुणांचा क्रम लावते.”

मग त्यांनी स्वर बदलला. “परंतु एक गोष्ट दोघांनीही ध्यानात ठेवा. ही किल्ली जिवंत सापाजवळ जाऊन लावायची नाही. लांबून छायाचित्र घ्यायचे आणि खळगा, बाहुली, खवले जे पाहायचे ते त्या छायाचित्रात. मेलेल्या सापालाही हात लावायचा नाही. आणि दंश झाला तर किल्ली काढायचीच नाही. तेव्हा साप शोधणे नाही, मारणे नाही, जखम कापणे नाही, दोरी आवळणे नाही. दंशाचा अवयव हलू द्यायचा नाही आणि तडक रुग्णालय गाठायचे. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर एकत्रच तयार केलेले असते. नाव कळावे म्हणून वेळ दवडणे म्हणजे जीव दवडणे.”

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही सड्यावर गेलो. सडा म्हणजे जांभ्या खडकाचे सपाट पठार. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो. पहिल्या सरी आल्या की त्याच्या उथळ खळग्यांत पाणी साचते आणि काळ्या-तांबड्या खडकाला हिरवी लव फुटते. अंधार पडू लागला तसे चहूबाजूंनी बेडकांचे स्वर उठले. गुरुजींनी आम्हांला एका जागी उभे केले. “येथे पाऊल पाहून टाकायचे. ज्याला आपण डबके म्हणतो, ती कुणाची तरी बाळंतखोली आहे.”

विजेरीच्या उजेडात भाचीने चोपडीचे तिसरे पान उघडले. बोटांच्या टोकांना पसरट चकत्या आहेत काय? असल्यास झाडावर किंवा झुडपावर चढणारा. नसल्यास दुसरी वाट. पाठीची कातडी गुळगुळीत की चामखिळींनी भरलेली? चामखिळींनी भरलेली असल्यास भेक. डोळ्यांच्या वर काळसर कड असलेले उंचवटे आहेत काय? असल्यास घरोघरी दिसणारा सामान्य भेक. नसल्यास, आणि कुशीवर पिवळ्या रंगात वाघासारखे पट्टे असल्यास—

“मामा!” तिने श्वास रोखून माझा हात धरला.

वितभर पाण्याच्या काठी जेमतेम इंच-सव्वा इंच लांबीचा एक जीव बसला होता. त्याच्या कुशीवर पिवळ्या-काळ्या रेषा होत्या. २००९ साली शास्त्रज्ञांनी या आंबोली भेकाचे प्रथम वर्णन केले आणि त्या पट्ट्यांवरूनच त्याला वाघाची आठवण देणारे नाव दिले. त्याचा जवळचा आप्त कोयनेच्या परिसरात राहतो. त्याचे वर्णन १९६३ सालीच झाले होते. या दोघांसाठी एक स्वतंत्र प्रजातीच निर्माण करावी लागली. पहिल्या पावसाच्या अवघ्या काही रात्रींत या भेकांची सारी लगबग उरकते. ज्या सड्यावर ते जगतात, त्याच्या आसपास पर्यटकांच्या गाड्यांची वर्दळ याच दिवसांत सर्वाधिक असते. परतताना रस्त्यावर चिरडलेले तीन बेडूक आम्हांला दिसले. भाची प्रत्येकापाशी थांबली. किल्ली मात्र तिने उघडली नाही.

घरी पोहोचतो तो शेजारच्या अंगणात गलबला. कुंपणाच्या जास्वंदीवर हिरवा साप होता आणि शेजारचे काका काठी उगारून उभे होते. “हिरवो दिसलो म्हणजे चापडोच,” ते म्हणत होते. क्षणभर मला वाटले, चाळीस वर्षांमागचे तेच कुंपण, तोच साप आणि तोच मी.

“काका, थोडे थांबा,” भाची म्हणाली. “दोनच प्रश्न आहेत.”

मी लांबूनच मोबाइलवर छायाचित्र काढले आणि ते मोठे करून पाहिले. नाकपुडी आणि डोळा यांच्यामध्ये खळगा? नाही. मुस्कट? पेन्सिलीसारखे निमुळते. बाहुली? आडवी, जणू कुणी सुईने रेघ ओढलेली. हरणटोळ! हा झाडावरून माणसाच्या डोळ्यांवर झेप घेतो, अशी समजूत देशाच्या पुष्कळ भागांत आहे. वास्तविक तो सरडे आणि बेडूक खाऊन राहणारा लाजाळू प्राणी. त्याच्या तोंडात मागल्या बाजूस सौम्य विषाचे दात असतात, तथापि माणसाच्या जिवाला त्यापासून धोका नसतो. काकांनी छायाचित्र दोनदा पाहिले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिले, आणि काठी खाली टेकली. “मगे रवांदे त्येका,” ते म्हणाले आणि घरात गेले. साप जास्वंदीच्या पानांत मिसळून गेला.

त्या रात्री मी समाधानाने झोपलो. झोपण्यापूर्वी भाचीला शहाणपणाचे चार शब्दही सांगितले: आंबोलीत हिरव्या सापापाशी तेवढे सावध राहावे, बाकी भ्यायचे कारण नाही. माझे हे शहाणपण दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंतच टिकले.

आम्ही हिरण्यकेशीच्या उगमाकडे निघालो होतो. वाट निसरडी होती. एका वळणावर तोल सावरण्यासाठी मी शेवाळलेल्या दगडी बांधावर हात टेकणार, तोच गुरुजींनी माझे मनगट घट्ट पकडले. बांधाच्या खाचेत, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर, वाळक्या पानांचा एक पुंजका होता. निदान मला तो तसा दिसला होता. तपकिरी, मळकट, जागोजागी गडद डाग पडलेला. त्या पुंजक्याला डोके होते.

आम्ही पाच-सहा पावले मागे सरलो. भाचीने मोबाइल रोखला. तिच्या हाताला कंप सुटला होता, तरी तिसरे छायाचित्र स्पष्ट आले. नाकपुडी होती, डोळा होता, आणि दोहोंच्या मधोमध एक खोल खळगा. उबदार रक्ताच्या भक्ष्याची उष्णता या खळग्यामुळे सापाला अंधारातही जाणवते. चौथा प्रश्न, पहिली वाट: विषारी, मागे सरा.

“मलबारी चापडा,” गुरुजी म्हणाले. “हा हिरवा असतो, तपकिरी असतो, पिवळसरही असतो. एकाच जातीचे, एकाच रानातले. म्हणून माझ्या किल्लीत रंगाला जागा नाही. रंग म्हणजे अंगरखा. अंगरख्यावरून माणूस ओळखू नये, तसा सापही.”

मी काहीच बोललो नाही. लहानपणी हिरव्या रंगावरून मी एका निरुपद्रवी जिवाचा प्राण घेतला होता. आणि आता तपकिरी रंगावर विसंबून स्वतःचा हात देणार होतो. चूक एकच होती. पाहण्याच्या आधीच मी नाव ठरवून मोकळा झालो होतो.

हिरण्यकेशीचा उगम एका गुहेत आहे. गुहेशी महादेवाचे देऊळ, देवळापुढे कुंड, आणि कुंडातून वाहणारा स्फटिकासारखा झरा. अरबी समुद्र येथून फार दूर नाही. परंतु हे पाणी त्याच्याकडे जात नाही. हिरण्यकेशी पूर्वेला वळते, घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कोकणच्या माथ्यावर पडलेला हा पाऊस अखेर बंगालच्या उपसागराला पोहोचतो. भाविक येथे शतकानुशतके येत आहेत. त्यांच्या पायांशी, खडकांना बिलगून, एक चिमुकला रंगीत मासा तितकीच वर्षे पोहत असला पाहिजे. तो शास्त्राला अज्ञात आहे, हे मात्र अगदी अलीकडे उमगले. २०२० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याला याच नदीचे नाव मिळाले. त्याच्या रक्षणासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ साली ही दोन हेक्टरांहून किंचित मोठी जागा जैविक वारसास्थळ म्हणून घोषित केली.

कुंडाच्या काठावर बसून भाचीने विचारले, “गुरुजी, त्या माशाला किल्ली लावली असती तर कोणते नाव आले असते?”

“फार चांगला प्रश्न. एक तर कोणतीच वाट जुळली नसती, किंवा चुकीचे नाव आले असते. म्हणून वाट संपली, नाव मिळाले, की तेवढ्यावर थांबायचे नाही. त्या जातीचे सविस्तर वर्णन काढायचे आणि समोरच्या जिवाशी ओळ न् ओळ ताडून पाहायचे. जुळले तर ठीक. न जुळले तर पहिल्या फाट्यापासून पुन्हा. तरीही न जुळले, तर दोन शक्यता उरतात: आपण पाहण्यात चुकलो, किंवा किल्ली करणाऱ्याला हा जीव ठाऊकच नव्हता.”

“म्हणजे किल्ली जुनी होते?”

“होतेच. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका देवगांडुळाचे वर्णन २००३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यासोबत त्या प्रजातीतल्या सर्व जातींची नवी किल्लीही द्यावी लागली. काल रात्रीचा आपला हरणटोळ घे. भारतात आणि श्रीलंकेत मिळून ती एकच जात आहे, असे वर्षानुवर्षे मानत. २०२० साली अभ्यासकांनी दाखवून दिले की त्या एका नावाखाली अनेक जाती नांदत होत्या. जुने शास्त्रीय नाव श्रीलंकेतल्या सापापुरते उरले, आणि सह्याद्रीतल्यांना वेगळी नावे मिळाली. माझ्या किल्लीत मी अजून नुसते ‘हरणटोळ’ लिहितो. ते पान आता मला पुढे वाढवायचे आहे.”

चोपडीचे शेवटचे पान त्यांनी उघडून दाखवले. त्यावर एकच नोंद होती:

शेवटचा क्रमांक. यांपैकी काहीच नाही … पुन्हा पहिल्यापासून पहा. तरीही नाही, तर जागा, वेळ आणि जे दिसले ते लिहून ठेवा. नाव देण्याची घाई नको.

गुरुजींनी ही चोपडी आपल्या शाळेतल्या मुलांसाठी तयार केली होती. आंबोलीच्या मुलांना पुष्कळ जनावरांची नावे ठाऊक असत. परंतु एकाचे पाहणे दुसऱ्याच्या उपयोगी कसे पडावे, हा प्रश्न होता. प्रत्येक पिढीला ते नव्याने मिळवावे लागे, आणि मिळवता मिळवता कितीतरी जीव, कधी सापाचे तर कधी माणसाचे, हकनाक जात. पाहिलेले शब्दांत मांडले, शब्दांना क्रम दिला, की एका माणसाचे डोळे दुसऱ्याला उसने देता येतात.

निघताना भाचीने सारी चोपडी आपल्या वहीत उतरवून घेतली. गुरुजी निरोप देताना म्हणाले, “मुली, एक सांगतो. ही किल्ली आंबोलीची आहे. भोपाळच्या कुलपाला ती लागणार नाही. तेथली तुला घडवावी लागेल. सापांपासून आरंभ करू नकोस. रोज खिडकीत दिसते त्यापासून कर.”

कोकण रेल्वेने आम्ही परतलो आणि यथावकाश ती आपल्या घरी गेली. तीन आठवड्यांनी तिचे पत्र आले. माझे शेजारी, नातेवाईक आणि विद्यार्थी ज्यांच्या घरी मुले आहेत, त्या सर्वांना मी ते वाचून दाखवतो. येथेही देतो, कारण वाचकांपैकी अनेकांच्या खिडकीत हाच प्रसंग घडत असेल.

“ती. मामांस सा. न. वि. वि.,” तिने लिहिले होते, “आमच्या गच्चीवर कबुतरांसारखे जे पक्षी येतात त्यांची किल्ली करीत आहे. पहिला प्रश्न: पंखांवर दोन ठळक काळे पट्टे आहेत काय? असल्यास पारवा. नसल्यास दुसरा प्रश्न: मानेच्या मागे काळ्या पट्टीवर पांढरे ठिपके आहेत काय? असल्यास ठिपकेवाला होला. नसल्यास तिसरा: मानेमागे काळी अर्धी कडी आहे काय? येथे मी अडले आहे. काल एक लहानसा तपकिरी होला आला. त्याला ना पट्टे, ना मानेमागे ठिपके, ना कडी. गळ्यावर मात्र पुढच्या बाजूला बारीक काळी नक्षी आहे. पुन्हा पहिल्यापासून पाहिले, तरी तेच. जागा, वेळ आणि जे दिसले ते लिहून ठेवले आहे. बाबा नाव सांगू लागले होते, त्यांना मी थांबवले. तुम्हीही नाव कळवू नका. चौथा प्रश्न काय विचारावा, एवढेच कळवा.”